लिओनाचा चाप

डनमोर हिल, पेनसिल्व्हेनिया
८ नोव्हेंबर २००९

सिरिल,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानेच भरून घेतोस, म्हणून लिहिते आहे. तुझे कान बंबखान्याच्या तळघरातच गेले, नुसते कापसाचे बोळे घालून गोळ्या झाडायचास त्या दिवसांत. पण इथे सगळ्यांना वाटतं की ते म्हातारपणामुळे गेले. वाटू दे.

नेमबाजीची हिवाळी स्पर्धा सुरू झाली. दर गुरुवारी, पूर्वीसारखीच. तू ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन बसलास तेव्हापासून रुडी कुबाला कप्तान आहे, हे तुला ठाऊकच आहे. संघात तो, दोघे सिम्को भाऊ, पोस्टातला बर्ट आणि मी. माझे गुण उतरलेत. गेला सगळा हिवाळा उतरत होते, या वर्षी जास्तच.

विचारायचं ते असं. माझ्या पॉइंट बावीसच्या पिस्तुलाचा चाप कारखान्यातून आला तसाच आहे. पावणेपाच पौंडांचा जोर लावावा तेव्हा सुटतो. पॉट्सव्हिलचा एक मिस्त्री वेगळा चाप बसवून देतो, अडीच पौंडांचा, आणि गोळी सुटल्यावर आणखी मागे जात नाही असा. नियमात दोन पौंडांच्या खाली जायचं नाही, म्हणजे नियमात बसतो. किंमत टनभर कोळशाइतकी. घेण्यासारखा आहे का? भाऊ म्हणून नाही, जुना कप्तान म्हणून विचारते आहे, पिस्तुलातलं तुला माझ्याहून जास्त कळतं.

कविता नको. उत्तर हवं.

लिओना

---

युमा, ॲरिझोना
१७ नोव्हेंबर २००९

लिओना,

तुझं पत्र संत्र्याच्या झाडाखाली बसून वाचलं. इथे नोव्हेंबरातही उघड्या अंगाने बसता येतं, आणि नेमकं त्याचंच मला वाईट वाटतं. डोळे मिटले की तळघर दिसतं. वाफेच्या नळ्यांवर वाळत टाकलेले आपले लोकरी कोट, त्यांचा ओला वास आणि त्यात मिसळलेला काडतुसांच्या दारूचा धूर. पलीकडच्या भिंतीशी दिव्याखाली पांढरे कागद, आणि अलीकडे एक हात लांब करून उभी माणसं, श्वास धरून. आठवीच्या वर्गात मी मुलांना कविता म्हणायला उभं करायचो तेव्हा वर्गात अशीच शांतता पसरायची. चुकणाऱ्यालाही आपण चुकणार हे आधी कळायचं.

आणि त्या जागेत तू विकतचा चाप आणणार?

मला राग आला आहे, तेव्हा सरळ लिहितो. नेम हाताचा असतो, दुकानातला नसतो. हलका चाप चूक झाकतो, दुरुस्त करत नाही. धडा न येणारं पोर पुस्तकाची छपाई वाईट म्हणतं, तसलं हे. नव्या माणसाला मी जे दोन चरण पाठ करायला लावायचो, ते अजून तिथे काचेत लावलेले असतील:

श्वास घ्यावा, अर्धा ठेवावा,
चाप हळू कवळीत न्यावा.

यात पौंड किती ते कुठे लिहिलंय?

तुझी तक्रार काय आहे ते मी इथून सांगतो. तू आवाजाला दचकतेस. वय झालं की सगळेच दचकतात. गोळी सुटायच्या आधीच हात नळी खाली दाबतो. पटत नसेल तर आपली जुनी परीक्षा कर. दुसऱ्या कुणाला काडतुसं भरायला सांग, पाचांत दोन नकली, कुठली ते तुला न दाखवता. नकलीवर चाप दाबलास आणि आवाज झाला नाही, तरी नळी खाली गेली, तर दोष कुणाचा ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

आणि रुडीपेक्षा चार गुण जास्त मिळवायची ही खाज असेल, तर या वयात ती शोभत नाही.

उत्तर मागितलंस. नाही.

सिरिल

---

डनमोर हिल
२ डिसेंबर २००९

सिरिल,

पत्र स्टोव्हमध्ये टाकणार होते. मग म्हटलं, आधी तुझी परीक्षा देते, मग जाळते.

हरणांच्या शिकारीसाठी स्पर्धा दोन आठवडे बंद आहे. रुडीसकट सगळे रानात आहेत. तळघराची किल्ली माझ्याकडे. पलीकडच्या डोंगरावरचा ट्रेव्हर प्रॉसर मंगळवारी आपल्याकडे सरावाला येतो, त्यांचा बॉयलर फुटलाय म्हणून. तोच तो, त्यांचा कप्तान, ज्याला तू वीस वर्षं ‘तो वेल्श बोका’ म्हणायचास. काडतुसं त्याने भरली, माझ्याकडे पाठ करून. सहा वेळा भरली. नकली आली की मी चाप दाबायचे आणि नुसतं टिच वाजायचं.

नळी खाली गेली नाही. एकदाही नाही. मी दचकत नाही, सिरिल. तुझ्या कवितांनी दचकते तेवढीच.

पण दर वेळी, चाप सुटायच्या क्षणी, नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी डावीकडे उडत होती. तिसऱ्या खेपेला प्रॉसरने काही न विचारता माझा हात धरून बोट दिव्याखाली नेलं.

“हे कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“आणि या बोटाने तू पावणेपाच पौंड ओढतेस? लिओना, तुझं काळीज ठीक आहे. तुझं पेर ठीक नाही.”

आता तुलाही सांगते. उजव्या तर्जनीचं पहिलं पेर सुजून अक्रोडाएवढं झालंय. एकतीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात कॉलर त्याच बोटाने वळवल्या, त्याची ही पेन्शन. शेवटच्या पौंडाला पेर अडतं, मग एकदम सुटतं, आणि त्या हिसक्याबरोबर गोळी जाते. साठ गोळ्यांनंतर कॉफीचा कप धरता येत नाही. पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला पिस्तुलाबद्दलचं मत हवं होतं, कीव नको होती.

आणि रुडीपेक्षा चार गुण! मला संघात राहायचंय. नेम गेला की रुडी काय करतो तुला माहीत आहे? पुरुषाला खुर्ची देतो, पेन्सिल देतो, गुण मांडायला बसवतो. बाईला ॲप्रन देतो. हेलन सिम्कोला दिला. डोरा पावलिकला दिला. महिन्याभरापूर्वी मला म्हणाला, “लिओना, आत हेलनला हात कमी पडतो गं, बघ काय ते.” हसून म्हणाला.

त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी तुम्हाला ताटं सरकवत होते, आठवतं? तू टेबलाच्या टोकाशी बसायचास. तिथून बाहेर येऊन रांगेत उभं राहायला मला चार वर्षं लागली. परत आत जाणार नाही मी. चाप घेण्यासारखा आहे का, हे मी त्यासाठी विचारलं होतं.

लिओना

---

युमा
९ डिसेंबर २००९

लिओना,

घे.

वेल्श बोक्याला बोटावरून जे कळलं ते मला आठ पानांवरून कळलं नसतं, आणि तू तर दीडच लिहिलं होतंस. पावणेपाच पौंड सुजल्या पेराने ओढायचे नसतात. अडीच ठीक आहे. मिस्त्रीला सांग, सुटण्याआधीची मोकळी चालही कमी कर, म्हणजे बोटाला कमी ओढावं लागेल. नाताळच्या आत बसव, म्हणजे नव्या वर्षात हाताला सवय होईल.

तुझ्या बोटाचं वाचून मला आईचे हात आठवले. खिडकीपाशी बसून ती बटणं लावायची, बाहेर बर्फ भुरभुरत असायचा, आणि दोरा तोंडात धरून ती आम्हाला पाढे विचारायची. जाऊ दे. तू कविता नको म्हणाली आहेस.

थंडी जपून. बाकी काही विशेष नाही.

सिरिल

---

डनमोर हिल
१८ डिसेंबर २००९

बाकी काही विशेष नाही!

काल गुरुवार होता. शिकारीनंतरची पहिली स्पर्धा. पॉट्सव्हिलच्या मिस्त्रीने सोमवारी नवा चाप लावायला पिस्तूल ठेवून घेतलं होतं, म्हणून मी झाडत नव्हते, जेवायला तेवढी थांबले. हेलनचे हात भरलेले, म्हणून पावाची टोपली मी घेऊन आले. टोपली माझ्या हातात होती, सिरिल. हे नीट लक्षात ठेव.

रुडीने चमचा वाटीवर वाजवला. “ऐका! सिरिलचं पत्र आलंय!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. वाजवता येईना, टोपली होती, तर टेबलावर थाप मारली. बाहेरगावच्या माणसाचं पत्र जेवताना मोठ्याने वाचायचं, ही पद्धत तिथे पाडली कुणी? तू. सैन्यातल्या पोरांची पत्रं तू वाचायचास, मास्तरी आवाजात, थांबे घेत. रुडी तुझ्याइतकं चांगलं वाचत नाही, पण अक्षर अन् अक्षर कळलं.

“रुडी, माझी बहीण भलत्याच नादाला लागली आहे. विकतचा चाप लावायचं म्हणते. तिला वळव. नाहीच ऐकलं, तर वर्षभर विश्रांती दे. न दुखवता कर. स्वयंपाकघरात तिला मान आहे, आणि खरं सांगू का, तिची हलुश्की तिच्या नेमापेक्षा आजही सरस आहे.”

हसले. सगळे हसले. धाकटा सिम्को म्हणाला, “मग पुढच्या गुरुवारी कोबी जरा जास्त घाल गं लिओना, नूडल्स कमी!” बर्ट इतका हसला की त्याला ठसका लागला. रुडी पुढे वाचत होता, संत्र्याच्या झाडाचं, ओल्या कोटांच्या वासाचं. छान लिहिलं होतंस. दोघांनी डोळे पुसले.

मी टोपली ठेवली, कोट घातला आणि घरी आले.

त्या पत्रावर तारीख वीस नोव्हेंबर होती. मला ‘नाही’ लिहिल्यावर तीन दिवसांनी. ते मी समजू शकते, तेव्हा तुला बोटाचं ठाऊक नव्हतं. पण नऊ डिसेंबरला मला ‘घे’ लिहिलंस, आईचे हात लिहिलेस, बर्फ लिहिलास, तेव्हा ते पत्र रुडीच्या घरी पडलेलं आहे हे तुला ठाऊक होतं. एक ओळ लिहायची होतीस. रुडीला एक ओळ, नाही तर मला.

माझी जागा तू माझ्या पाठीमागे देऊन टाकलीस. तू! रुडीला जे म्हणायला तोंड होत नव्हतं, ते त्याला लिहून दिलंस.

उत्तर पाठवू नकोस.

लिओना

---

युमा
२८ डिसेंबर २००९

लिओना,

पाठवतो आहे. जाळायचं तर जाळ.

तो गाढव! मी कप्तान असताना प्रत्येक पत्र आधी एकट्याने वाचायचो. कुणाची बायको सोडून गेलेली असायची, कुणी पैसे मागितलेले असायचे, ते गाळून उरलेलं टेबलाला ऐकवायचो. एवढी साधी गोष्ट त्या रुडीला कळू नये? पाकिटावर त्याचं नाव होतं, टेबलाचं नव्हतं! मी त्याला तसं लिहिलंही आहे, आणि ‘गाढव’च लिहिलं आहे.

माझं चुकलं असं लिहायला बसलो होतो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पुन्हा राग आला. तू पहिल्यांदाच बोटाचं लिहिलं असतंस तर? मी काय युमाहून तुझं पेर बघणार होतो? तू मला फक्त पौंड सांगितलेस, टनभर कोळसा सांगितलास, मी त्याचंच उत्तर दिलं. लहानपणीही तू असंच करायचीस. दात दुखतोय म्हणून सांगायची नाहीस, आणि भाकरी कडक का म्हणून आईशी भांडायचीस.

हलुश्कीचा विनोद होता. कागदावर तो हलका वाटला होता.

आणि हो, नऊ तारखेला मला ते पत्र आठवत होतं. वाटलं, रुडी वाचून विसरेल. वाटलं, तुला कळणारच नाही. एवढंच.

सिरिल

---

युमा
२५ जानेवारी २०१०

लिओना,

महिना झाला. फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला ऐकू येणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

रुडीला दुसरं पत्र पाठवलं आहे. छोटं. त्यात ओले कोट नाहीत, झाड नाही. लिहिलं आहे की आधीचं पत्र मी अर्धवट माहितीवर लिहिलं, लिओनाच्या जागेबद्दल बोलायचा मला काहीही अधिकार नव्हता, आणि बावीस हिवाळे तिने जे गुण आणले त्यांतले पुष्कळसे माझ्या वाईट गुरुवारी माझी अब्रू राखायला आले होते. वर ठळक लिहिलं आहे: हे मोठ्याने वाच. पहिल्यापेक्षा मोठ्याने.

चाप बसवलास का? घेण्यासारखा निघाला का? एवढं तरी कळव. दोन शब्द पुरेत.

सिरिल

---

डनमोर हिल
१२ फेब्रुवारी २०१०

सिरिल,

तुझं दुसरं पत्र रुडीने वाचलं नाही. काल मी सगळ्यांदेखत विचारलं, “सिरिलचं पत्र आलंय ना?” त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. म्हणाला, “आलंय. पण ते घरगुती आहे गं. असं चारचौघांत बरं दिसत नाही.”

पहिलं चारचौघांत बरं दिसलं होतं. तेव्हा तुझा तुझ्यावरचा राग थोडा त्याच्यावरही काढ. माझा मी दोघांवर वाटून घेतलाय, तुझा वाटा मोठा आहे.

आता कालचं सांगते.

मी जानेवारीभर गेले नाही. नवा चाप नाताळात बसला होता. घरी, रिकाम्या पिस्तुलाने, रोज सकाळी भिंतीवरच्या ठिपक्यावर सराव केला. काल डोंगरापलीकडच्या संघाशी सामना होता. रस्त्यावर अजून गुडघाभर बर्फ आहे, तरी माझी गाडी पोचली.

मला बघून रुडीने कपाटातून ते लोखंडी वजन काढलं. दोन पौंडांचं, दांडीला आकडा असलेलं. तू गेल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता, वर धूळ होती. “चाप बदललाय ना, लिओना? मग तोलायला हवा. नियम तुझ्या भावाचाच आहे.”

“तोल.”

पिस्तूल रिकामं करून, घोडा चढवून, नळी छताकडे धरून आकडा चापात अडकवला आणि वर उचललं. वजन टेबलावरून उठलं, लोंबत राहिलं. घोडा पडला नाही, म्हणजे चाप दोन पौंडांच्या वरच आहे. रुडी म्हणाला पुन्हा. पुन्हा उचललं. मग थोरला सिम्कोच कंटाळून म्हणाला, “अरे रुडी, बाई वजन उचलून दाखवतेय की तू तिचं लग्न लावतोयस?”

रुडीने वजन परत कपाटात ठेवलं. “चाप नियमात आहे,” तो म्हणाला, “पण काय आहे, जागा भरली. तू आली नाहीस, मग मी माझ्या जावयाला घेतलं. आत हेलन एकटीच आहे बघ.” आणि खुंटीवरचा ॲप्रन काढून त्याने टेबलावर ठेवला. माझ्या पिस्तुलाच्या पेटीवर.

मी काय बोलले ते लिहीत नाही. तू शाळामास्तर होतास. पण हेलन खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायला आली, आणि बर्टने कॉफी ढवळायचा चमचा खाली ठेवला.

प्रॉसर पलीकडच्या बाकावर बसून त्याच्या माणसांची वाट बघत होता. पाचांतले चारच आले होते, पाचव्याची गाडी बर्फात अडकली होती. मी ॲप्रन रुडीच्या हातात दिला, पेटी उचलली आणि खोलीच्या त्या टोकाला गेले.

“ट्रेव्हर, पाचवी हवी का?”

“आज की कायमची?”

“कायमची.”

“रुडी!” तो ओरडला, “हंगामात एक नाव बदलता येतं ना?” येतं. तोही तुझाच नियम. रुडी म्हणाला, “लिओना, वेडेपणा करू नकोस. हे तुझं घर आहे.” मी म्हटलं, “घरात माझी जागा कुठे आहे ते तू आत्ताच दाखवलंस.”

आम्ही सहा गुणांनी हरलो. रुडीने दोनशे चौऱ्याहत्तर मारले, माझ्याहून तीन जास्त. म्हणजे त्याला हरवलं वगैरे काही झालं नाही. उद्या कुणी तुला फोनवर ओरडून वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. जेवायला मी थांबले. पाहुण्यांच्या बाकावर बसले आणि हेलनने माझ्यासमोर ताट ठेवलं. हलुश्की दुप्पट वाढली. त्या बाकावर बसलं की स्वयंपाकघराची खिडकी पाठीमागे येते. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पत्रं येऊ देत, पण तो पत्रांनी जाईल असं समजू नकोस.

आता तुझा प्रश्न. चाप घेण्यासारखा निघाला का. काल दोनशे एकाहत्तर मारले. दुखायला लागायच्या आधी, दोन हिवाळ्यांपूर्वी, माझी सरासरी तेवढीच होती. एका गुणानेही जास्त नाही. टनभर कोळसा देऊन मी फक्त जिथे होते तिथे परत आले. साठ गोळ्या झाल्यावर कॉफीचा कप उजव्या हाताने उचलला, आणि भरलेला होता.

हो. घेण्यासारखा होता.

तुझी बहीण, आणि प्रॉसरच्या संघातली पाचवी,
लिओना